जिन्याचं दार

"अपघातानंतर तुम्ही काय केलंत?" प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी विचारलं. पाळणाघर चालवणाऱ्या तीस जणी हेमांगीकडे पाहू लागल्या.

"जिन्याचं दार उघडं ठेवणाऱ्या मावशींना त्याच दिवशी काढून टाकलं," ती म्हणाली.

बाईंनी शाबासकी दिली, टाळ्या पडल्या. हेमांगीला मात्र मान वर करवेना. दार तिनंच उघडं टाकलं होतं, फोनवर बोलता बोलता. दोन वर्षांची ईरा पायऱ्यांवरून गडगडली, हनुवटीला चार टाके पडले, आणि पालकांसमोर हेमांगीनं सगळा आळ कलावती मावशींवर ढकलला.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा न उघडताच उठली आणि थेट मावशींच्या खोलीवर गेली.

"मावशी, दार मी उघडं टाकलं होतं."

"ठाऊक आहे मला," मेथी निवडता निवडता मावशी म्हणाल्या. "पण हे मला सांगून काय उपयोग? ईराची आई अजून मला बघून रस्ता बदलते."

हेमांगी उंबऱ्यावरच बसली. तिनं तिथूनच ईराच्या आईला फोन लावला आणि मावशींना शब्द न् शब्द ऐकू जावा म्हणून स्पीकर सुरू केला.