निशाचं वेगळं पाणी

ओट्यावरच्या स्टीलच्या डब्यावर फोन थरथरला आणि डब्यातले चमचे खणखणले. तृप्तीनं झडप घालून तो उचलला. निशा आत्ताच कुठे झोपली होती. तळहात खाजवून खाजवून, रडून.

फोन सरकारी तक्रारीच्या हेल्पलाइनचा होता. पलीकडच्या मुलीनं हिंदीत, पाठ केल्यासारखं सांगितलं, की नाल्यात रंगाचं पाणी सोडणारा पाइप बुजवला आहे आणि कारखान्याला सील लागलं आहे. मग नेहमीचा प्रश्न आला.

"मैडम, अब आप संतुष्ट हैं?"

"नहीं," तृप्ती हळूच म्हणाली. "जिसने मेरी बच्ची के हाथ जलाए, उसका नाम कागज पर चाहिए."

ती 'हो' म्हणत नाही तोवर तक्रार बंद होत नाही, हे आता अख्ख्या दापोरा गावाला माहीत झालं होतं. गेल्या चार महिन्यांत ती सहा वेळा 'नाही' म्हणाली होती. नवरा चिडवायचा, नाव तृप्ती, अन् संतुष्ट कधीच नाही. पण 'हो' म्हण, असं रितेशनंही कधी सांगितलं नाही.

त्यांच्या केळीच्या बागेला लागून नाला होता आणि नाल्याच्या वरच्या अंगाला भूपेंद्र शेठचा कापड रंगवायचा कारखाना. आज नाला हिरवा, उद्या जांभळा. पोरं शाळेत जाताना पैजा लावायची. नाला पहिल्यांदा लाल झाला, त्याच दिवशी तृप्तीनं निशाचं पाणी वेगळं केलं. नाल्याजवळच्या विहिरीचं पाणी घरातल्या सगळ्यांना चालेल, निशाला नाही. रोज सकाळी ती देवळामागच्या हातपंपावर जायची, निळा कॅन भरायची आणि कमरेवर घेऊन यायची. निशाचे हातपाय, निशाची आंघोळ, सगळं त्या पाण्यानं. कॅन चिरला की दुसरा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

तरी पोरीच्या तळहातांची कातडी सुटलीच.

तृप्ती तिला घेऊन शेठच्या गेटवर गेली होती. ते इवलेसे हात तिनं त्याच्यासमोर उघडून धरले. शेठनं खुर्चीतून न उठता पाहिलं आणि म्हणाला, "रंगच आहे ना, वहिनी? होळी समजा."

त्या संध्याकाळपासून मलम लावताना एक खेळ सुरू झाला. तृप्ती फुंकर घालत एकेक बोट माखायची आणि म्हणायची, ज्यानं हे केलं... निशा पुढचं पूर्ण करायची, त्याचेपण हात सोलायचे. मग दोघी हसायच्या. आग तेवढी कमी व्हायची. कुणाची जास्त, ते सांगता आलं नसतं.

काल तोच शेठ अंगणात उभा होता. हात जोडून. एकदा संतुष्ट बोलून टाका म्हणत होता, माल आत अडकलाय म्हणत होता. तृप्तीनं त्याला उन्हात उभं ठेवलं, तांदूळ निवडून होईपर्यंत. मग सूप झटकलं.

"होळी समजा, शेठ."

इतकी गोड झोप तिला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

फोन ठेवते न ठेवते, तोच दारात सरकारी जीप थांबली. पाणी तपासणाऱ्या अश्विनी मॅडम आल्या होत्या. मागच्या महिन्यात त्यांनीच बाटल्या भरून नेल्या होत्या. एक नाल्याची, एक विहिरीची. निघता निघता मोरीतला कॅन पाहून त्यांनी विचारलं होतं, हे काय? तृप्तीनं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, आमच्या निशाचं वेगळं पाणी. मॅडमनी त्याचीही बाटली भरली होती आणि फॉर्मवर तिची सही घेतली होती.

आज मॅडम पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. नाल्यातल्या रंगाची शिक्षा कारखान्याला झाली, म्हणाल्या, आणि ती व्हायलाच हवी होती. विहिरीतही थोडा रंग उतरला होता. पण हातांची कातडी सुटावी, असं त्या दोन्ही बाटल्यांत काही निघालं नाही. मग त्यांनी मोरीकडे पाहिलं.

"ताई, हा कॅन आधी कशाचा होता?"

"औषधाचा," तृप्ती म्हणाली. "बागेतल्या गवतावर मारतो ते. पण मी राखेनं घासलाय. तीन तीन वेळा. फेकायचा कशाला, इतका चांगला कॅन."

"घासून नाही जात ते. प्लास्टिक पिऊन बसतं. पाणी भरलं की सोडत राहतं."

तृप्ती कॅनकडे बघत राहिली. मागचा कॅन पोळ्याच्या आधी चिरला होता. नवा काढला आणि आठवड्यातच निशाचे भरत आलेले हात पुन्हा सोलले होते. तेव्हा तिनं शेठला नव्यानं शिव्या घातल्या होत्या.

मॅडमनी कागद तिच्या हातात दिला. नमुना तीन. त्यापुढे छापलं होतं: पाणी भरून ठेवणाऱ्याचं नाव. आणि त्यापुढे तिच्याच वळणदार अक्षरात, तृप्ती रितेश महाजन.

जीप गेली. ती कागद धरून तिथेच बसली. मागून निशा आली, डोळे चोळत, मनगटांनी. आईच्या मांडीत शिरली आणि मलमासाठी दोन्ही तळहात तिनं पुढे केले. मग तिला कागद दिसला.

"आई, नाव आलं?" निशा खेळातल्यासारखी हसली. "मग आता कोणाचे हात सोलायचे?"