आप्पांचा रुमाल

चिंचवडच्या नाट्यगृहातला दुपारचा प्रयोग संपला आणि विजयश्रीचे वडील आप्पा थेट रंगपटातच शिरले. नाटकात ती घरच्यांच्या मर्जीविरुद्ध घानाच्या इंजिनियरशी लग्न करते. तिचा नायक क्वामे खरोखरच घानाचा, चाकणच्या कंपनीतला, आणि कोर्टात गुपचूप लग्न केलेला तिचा नवरा. वडिलांना मात्र तिने सांगितलं होतं, "आपल्याकडचाच पोरगा आहे, काळा रंग फासतो." आप्पांनी क्वामेच्या पाठीवर थाप मारली. "झ्याक काम केलंस राव! आता पूस ह्यो रंग, खाज सुटंल." आणि मायेनं स्वतःचाच रुमाल ओला करून त्याचा गाल पुसायला घेतला. एकदा, दोनदा. क्वामे हलला नाही. रुमाल पांढराच राहिला. आप्पांनी तो उलटून पाहिला. घडी घालत ते लेकीकडे वळले. "रंग खरा हाय. मंग लगीनबी खरंच व्हय?"