विमानानं पस्तीस मिनिटं

चियांग माईच्या विमानतळावरच्या बाईंनी विथूनला सांगितलं, "जंगलाच्या वणव्याचा धूर आहे. मेहाँगसोनचं विमान आता परवाच." विमानानं पस्तीस मिनिटं. रस्त्यानं सात तास आणि मोजणाऱ्यांनी मोजलेली एक हजार आठशे चौसष्ट वळणं. मेलेला माणूस परवापर्यंत थांबतो, पण मार्चचं ऊन थांबत नाही. त्यामुळे विथूनच्या वडिलांची शवपेटी सोमपेटच्या व्हॅनमध्ये चढली. सोमपेट गावाकडचा शेजारी. गल्लीत व्हॅन त्याच्याकडेच होती; निरोप मिळताच ती घेऊन तो रातोरात आला होता.

आई पेटीशेजारी उदबत्ती धरून बसली. मेलेल्याला वाट सांगत न्यावं लागतं, नाहीतर जीव मागं राहतो.

"अहो, डावीकडे," आई म्हणाली. "अहो, उजवीकडे. अहो, पूल आला."

"वहिनी, फाट्याला आणि पुलाला सांगितलं तरी पुरतं," सोमपेट म्हणाला. "प्रत्येक वळण कशाला?"

"दवाखान्यात आले ते विमानानं. हा रस्ता त्यांनी पाहिलाय कुठं? नाही सांगितलं तर सरळ जातील."

सोमपेटनं काचेतून बाहेर पाहिलं. सरळ दरी होती.

सातशेव्या वळणाच्या आसपास आईचा आवाज बसला. तिनं उदबत्ती विथूनच्या हातात दिली.

"बाबा, डावीकडे," विथून म्हणाला. त्याला अवघडल्यासारखं झालं. दहाबारा वळणांनी ते गेलं. "बाबा, उजवीकडे. डावीकडे. पूल." मग एका मोडक्या कठड्यापाशी तो त्याच सुरात म्हणाला, "बाबा, तुमची मोटारसायकल चोरीला गेली नव्हती. मी न विचारता नेली होती. ती इथं खाली दरीत आहे. उजवीकडे."

आईनं मान वर केली. सोमपेटचे डोळे आरशात आले आणि परत रस्त्यावर गेले. त्या चोरीचा संशय धरून गेली चौदा वर्षं बाबा सोमपेटच्या कुंपणाकडे बघून थुंकायचे.

व्हॅन चालत राहिली. विथून वळणं सांगत राहिला. अकरा वळणं झाली.

"विथून," सोमपेट म्हणाला.

"काका?"

"मघाशी जे सांगितलंस ते जरा मोठ्यानं सांग. पेटी बंद आहे."

विथूननं मोठ्यानं सांगितलं. सोमपेटनं खिडकीची काच वर केली आणि म्हणाला, "माझं नावही घे. नाहीतर त्याला वाटेल, दुसऱ्याच कुणाचं चाललंय."

"सोमपेटकाकांनी चोरली नव्हती, बाबा," विथून ओरडला. "डावीकडे."

ऊन कलायच्या आत गाव आलं. तळ्याकाठी विहाराच्या दारात भिक्खू आणि गल्लीतली माणसं उभी होती. सोमपेटनं खिडकीची काच खाली घेतली, त्यांच्यासमोरून व्हॅन न थांबवता पुढं काढली आणि तळ्याला वळसा घातला.

"बाबा, उजवीकडे," विथून म्हणाला. दुसरं काही सुचेना. "उजवीकडे. अजून उजवीकडेच. सोमपेटकाकांनी चोरली नव्हती."

विहार परत आला. माणसांनी हात पुढं केले. व्हॅन परत पुढं गेली. तिसऱ्या फेऱ्याला भिक्खू सावलीत जाऊन बसले.

"सोमपेट," आई बसलेल्या आवाजात म्हणाली, "बास आता. यांना घेरी येईल."