कोवळी काकडी

कामतघर गावातल्या घरामागे सुचेताच्या सासूबाईंनी लोणच्यासाठी काकडीचा वेल लावला होता. "पाहा माई, धरल्या काकड्या!" म्हणत सुचेताने बोट केलं, तशा त्या करवादल्या, "सरळ बोट नको गं! कोवळी काकडी कुजते. मुडपून दाखवावं."

बीएस्सी झालेली सून गालात हसली. भीती तिलाही होती, पण काकडीची नव्हे. याआधी दोनदा दिवस राहिले, लगेच सगळ्यांना सांगितलं, आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. या खेपेला तिने नवऱ्यालाही पत्ता लागू दिला नव्हता.

वेलाला घालायला तिने भरलेली बादली उचलली.

"ठेव ती खाली!" माई ओरडल्या.

"का हो, माई?"



माईंनी तिच्या पोटाकडे बोट केलं. मुडपून.