न वाकणारा साहेब

"काशीबेन, पुन्हा भिंतीला टेकलेली दिसलीस ना, तर उद्यापासून घरीच बेस," मॅनेजर रमणभाई म्हणाले.

काशीबाईंनी मान वर केली नाही. सुरतेजवळच्या पांडेसऱ्यातल्या त्या मिलमध्ये साडी तपासायची टेबलं गुडघ्यापेक्षा वीतभरच उंच होती. साडी अंथरायची, डाग बघायचा, दोरा कातरायचा, घडी घालायची. पाच वर्षं वाकून वाकून काशीबाईंना रमणभाईंच्या तोंडापेक्षा त्यांचे बूटच जास्त ओळखीचे झाले होते.

"टेबलाखाली विटा ठेवल्या तर..." त्या बुटांना म्हणाल्या.

"विटा कशाला? सिंहासनच मांडून देतो ने!"

शेजारच्या टेबलावरची चंचल हळूच म्हणाली, "मावशी, गप करा. नोकरी गेली तर?"

"तर माझ्या धनश्रीची शाळा गेली. पण पाठच नाही म्हणते गं आता."

तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. राखाडी सफारी, चकचकीत दाढी केलेली, आणि अंग असं सरळ, जणू शेतात रोवलेला खांब. त्या आठवड्यात तपासणीला सरकारी साहेब येणार, असा मिलमध्ये निरोप होता. रमणभाई लगबगीने पुढे धावले.

"आवो साहेब, बेसो!"

"नको. उभाच बरा."

"चाय?"

"नको. मला इथल्या बाईमाणसाशी जरा बोलायचं होतं."

रमणभाई घाईने मध्ये आले. "बोला ने साहेब, पण आधी काम तर बघा!" त्यांनी टेबलावर एक जरीची साडी पसरली. "एक डाग नाही. बघा, जवळून बघा."

माणसाने मानसुद्धा झुकवली नाही. "इतकं खाली मी वाकणार नाही."

चंचलला एकदम ठसका लागला. तिने पदराचा बोळा तोंडात धरला.

"मग या बाया दिवसभर कशा बघतात?" त्याने शांतपणे विचारलं.

रमणभाईंनी एकदा त्याच्या ताठ पाठीकडे पाहिलं, एकदा बायांच्या वाकलेल्या रांगेकडे. मग आवारात ओरडले, "अरे, विटा आणो! जल्दी!"

हमाल धावले. बॉयलरमागच्या विटा आल्या. एकेका पायाखाली चार चार विटा लागल्या, टेबलं कमरेपर्यंत आली. बाया एकेक करून सरळ झाल्या. कुणाचा मणका कटकन वाजला, कुणी "आई गं" म्हणून हसली. काशीबाईंनी खांदे मागे घेतले, छातीभर श्वास घेतला, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की रमणभाई आपल्या कानापर्यंतच येतात.

"रमणभाई," त्या त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "माझ्या टेबलाला अजून एकेक वीट."

"हा बेन, हा. लगाव रे!"

काशीबाईंच्या हातांना आपोआप लय आली. साडीची घडी घालता घालता ओठांतून ओवी निसटली:

"पाठ माझी बाई, झाली उसाचं कांडं
किती दिसांनी गं, दिसे शेजीचं तोंड"

साऱ्या बायांनी ती उचलून धरली. खातं जात्यासारखं घुमू लागलं. दुपारपर्यंतचा ढीग तासाभरात खाली आला. रमणभाई तो ढीग बघत राहिले, आणि त्यांच्याही तोंडावर नकळत हसू आलं.

"साहेब, विटा आता हटणार नाहीत. पक्कं सिमेंट करतो," ते म्हणाले. "आता बोला बायांशी. मी बाहेर थांबतो." आणि अदबीने दार ओढून घेतलं.

ओवी थांबली. बाया बघू लागल्या. तो माणूस सावकाश, पाऊल मोजत चालत आला आणि चंचलच्या टेबलापाशी थांबला.

"घरनी किल्ली दे वं," तो कुजबुजला. "दवाखानानी आजच सुट्टी दिधी. कंबरले पट्टा बांधेल शे, डाक्टर म्हने महिनाभर वाकानंच नही."