पुलापाशी सुटणारी खाज

वाटूर फाट्याच्या पुढं, ओढ्यावरच्या पुलापाशी, डांबरी रस्त्याच्या कडेला उभा राहून कडूबा दोन्ही हातांनी मांड्या खाजवत होता. समोरून हंडे घेतलेल्या बाया आल्या. त्यानं झटकन हात मागं घेतले, दात आवळले आणि त्या पुढं गेल्याबरोबर पुन्हा सुरू केलं. मांड्यांत लाल मुंग्या शिरल्यासारखं झालं होतं.

घरी येऊन त्यानं टायरच्या चपला कोपऱ्यात भिरकावल्या. "बस झालं. उद्यापासून चालणं बिलकुल बंद!"

चूल फुंकणारी त्याची बायको, कौसल्या, वळून बघत राहिली. कापसाच्या जिनिंगमध्ये, वजनकाट्यापाशी बसल्या बसल्या कडूबाच्या छातीत कळ आली होती. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "सारा जन्म बसून काढलात. आता रोज सकाळी घाम फुटेस्तोवर झपाझप चाला. नाहीतर पुढच्या वेळी माझ्यापर्यंत पोचणार नाही तुम्ही." आणि चालायला लागला, तर हे निघालं. साबण बदलून झाला. धोतर सोडून पायजमा घालून झाला. करंजाचं तेल चोळून झालं. पुलापाशी पोचला की खाज हजर.

"लोक हसून राह्यले मला," कडूबा म्हणाला. "खरूज झाली म्हणत असतील."

"मंग उद्या मी येते संगं," कौसल्या म्हणाली. "हसू द्या दोघांला."

दुसऱ्या दिवशी दोघं निघाले. ती नेहमीसारखी मागं. पूल आला आणि कडूबाच्या मांड्या पेटल्या. मुठी आवळून तो सोसत होता, तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं माय, माय, माय!"

कौसल्यानं रस्त्याच्या कडेला बसकण मारली होती आणि ती पोटऱ्या कराकरा खाजवत होती. "अवो, मला बी सुटली की!"

जाणाऱ्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. तिनं त्यालाच हात हलवला. कडूबाला असं हसू फुटलं की कठड्याला धरावं लागलं. मग तोही खाजवायला लागला, उघड, मनसोक्त.

त्या दिवसापासून पुलाचा कठडा त्यांच्या बसायची जागा झाला. खाज निवेपर्यंत बसायचं, मग पुढं चालायचं. बसल्या बसल्या कौसल्या शेतावरच्या मुकादमाची नक्कल करायची, नाकातून बोलत, बोट नाचवत. आपली बायको नकला करते, हे इतक्या वर्षांच्या संसारात कडूबाला ठाऊकच नव्हतं. घरी लेकरं, पाव्हणे, कामाची घाई. असं नुसतं बोलत कधी बसलेच नव्हते. एकदा तोही बोलून गेला, "कळ आल्ती ना, तवा तूच डोळ्यापुढं आल्ती." कौसल्या पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ पुलाखालच्या ओढ्याकडं बघत राहिली.

पोळा झाल्यावर दोघं जालन्याला गेले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि खूष होऊन पाठीवर थाप मारली. कडूबानं खाजेचं विचारलं.

"बसून राहिलेलं अंग एकदम पळायला लागलं की रक्त जोरात धावतं, कातडीला खाज सुटते. काहीजणांना होतं तसं. सवय झाली की जाते."

"हिला बी सुटली, साहेब."

डॉक्टरांनी कौसल्याकडं पाहिलं. "बाई, तुम्ही काय काम करता?"

"रोजानं जाते. निंदायला, कापूस येचायला. लहानपणापासून."

"मग तुमचं अंग बसलं होतं कधी?" डॉक्टर हसले.

कौसल्या खाली बघायला लागली. कडूबा तिच्याकडं बघत राहिला. परतीच्या एस्टीत तो खिडकीकडं तोंड फिरवून बसला. 'रागावले,' असं तिला वाटलं.

सकाळी तरीही दोघं निघाले, या वेळी बरोबरीनं. पूल आला. आता कशाचं सोंग करायचं, म्हणून कौसल्या सरळ पुढं चालू लागली. मागं वळून बघते, तर कडूबा कठड्यावर बसून मांडी खाजवत होता.

"अवो, तुमची अजून गेली न्हाई?"

"कवाच गेली," कडूबा म्हणाला आणि शेजारची जागा हातानं झटकली. "ये, बस."