नजरेची पावती

स्थळाची फाइल डाउनलोड झाली तशी कुमुदताईंनी लेकीला बजावलं, "पगाराच्या ओळीवर रेंगाळू नकोस गं. नजर कुठे थांबली, त्याची पावती लगेच मुलाकडे जाते."

मृण्मयी गुणाची. तिची नजर थेट 'पुरणपोळी उत्तम करतो' या ओळीवर जाऊन विसावली. मागून चष्मा सावरत पगारातली शून्यं मोजत होत्या त्या कुमुदताईच. फाइल मिटली आणि पावतीत दोन्ही ओळी गेल्या. एवढं चांगलं स्थळ आपल्याच डोळ्यांनी घालवलं, म्हणून त्या कपाळाला हात लावून बसल्या.

तेवढ्यात मुलाचा निरोप आला. "पगार आईंनी पाहिला ना? तुमची फाइल उघडली तेव्हा आमच्याही आई मागेच उभ्या होत्या."

कुमुदताईंचा जीव भांड्यात पडला. "चला, विहीणबाई आपल्यातल्याच निघाल्या."